मानाची किक

सगळ्या झाशीला राग आला होता लीगचा, आणि वामनराव पारोळकरांना राग आला होता स्वतःच्या कानांचा. छ्या! म्हातारपणी कान जातात, त्यात नवल काय? पण जायचेच होते तर तेवढा एक दिवस तरी शाबूत राहायचं होतं. नाही राहिले. आणि त्यापायी दक्षिणी क्लबचं विजेतेपद गेलं, प्रकरण कोर्टात गेलं, लीग बंद पडली, आणि बडा बाजारातल्या चहाच्या दुकानावर एका बाकावर बसणारी माणसं एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायला लागली.

आधी क्लबाचं सांगायला हवं. झाशीत आपल्या मराठी घरांना जुने लोक ‘दक्षिणी’ म्हणतात. कुणाचा पणजोबा कारभारी म्हणून आला, कुणाचा देवळाचा पुजारी म्हणून, आणि इथलाच होऊन गेला. त्यांच्या पोरांनी केव्हातरी फुटबॉलचा क्लब काढला आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून असेल, त्याला दक्षिणी क्लब म्हणून टाकलं. आज त्या क्लबात दक्षिणी माणूस औषधाला सापडत नाही. कप्तान अनुप बुंदेली घरातला. डावीकडून वाऱ्यासारखा पळणारा श्रीकृष्ण तेवढा आईकडून मराठी, आणि तोही ‘समजते मला, बोलायला नाही जमत’ एवढं बोलून गप्प होणारा. क्लबात मराठी म्हणून जे काही शिल्लक होतं ते दोनच शब्द होते: मानाची किक. आणि हे दोन शब्द मात्र अख्खी टीम, सगळे प्रेक्षक, मैदानाबाहेर चणे विकणारासुद्धा, मराठीतच म्हणायचा.

मानाची किक म्हणजे काय, तर सीझनच्या शेवटच्या मॅचची पहिली किक क्लबाच्या सर्वांत वयस्क जुन्या खेळाडूने मारायची. क्लबाची जर्सी घालून, रेफरीच्या शिट्टीवर. किक मारायची, टाळ्या घ्यायच्या, बाहेर यायचं. मग रेफरी पुन्हा शिट्टी वाजवून खरा खेळ सुरू करणार. एकाला एकदाच. पुढच्या वर्षी त्याच्या मागच्याचा नंबर. यात शाल नाही, श्रीफळ नाही. शाल काय हो, आपल्या मंडळात कुणालाही मिळते! पण शिट्टी वाजली आणि तिच्यावर तुम्ही बॉल मारला, की तेवढ्यापुरते तुम्ही पाहुणे नसता, खेळाडू असता. हे ज्याला कळत नाही त्याला समजावत बसण्यात अर्थ नाही.

वामनरावांना ते पुरतं कळत होतं. वीज खात्यातली कारकुनी ही त्यांची नोकरी होती. ते होते लेफ्ट आऊट. तेव्हाचं मैदान म्हणजे गवत कमी आणि गोखरू जास्त. बॉल चामड्याचा, वर दोरी बांधलेली. ती दोरी नेमकी कपाळावर बसली की दोन दिवस टेंगूळ घेऊन ऑफिसात बसायचं. पावसात भिजला की तोच बॉल दगड व्हायचा. तरी रेल्वेच्या टीमविरुद्ध मॅच असली की बडा बाजारातली दुकानं लवकर बंद व्हायची, आणि हाफ टाइमला कुणा ना कुणाच्या घरून गूळ-दाण्यांची परात यायची. ती परात दोन्ही टीमसाठी असायची. समोरच्या टीमचा राइट बॅक मघाशी ज्याच्या नडगीवर लाथ मारून गेला, त्याच्याच हातून गुळाचा खडा घ्यायचा आणि म्हणायचा, ‘भैया, लगी तो नहीं?’ आठवलं की वामनरावांना आजही हसू यायचं आणि हसता हसता डोळे भरून यायचे. ही परात शेवटची कधी आली होती, ते मात्र त्यांना आठवत नसे.

तर किती वर्षं वाट पाहिल्यावर मागच्या हिवाळ्यात वामनरावांचा नंबर लागला.

आता मधल्या काळात लीग बदलली होती. बाहेरची एक कंपनी आली, ‘बेतवा लीग’ असं झकपक नाव दिलं, फ्लडलाइट लावले, आणि नियम आणले. नियम असा, की पाहुण्याने किक मारायची ती शिट्टीच्या आधी, आणि शिट्टी व्हायच्या आत मैदानाबाहेर जायचं. अनुपला हे माहीत होतं. वामनरावांना सांगायचं कामही त्याच्याकडेच होतं. तो दोनदा त्यांच्या घरी आला. दोन्ही वेळा शंकरपाळी खाल्ली, चहा प्यायला, वामनरावांची जुनी जर्सी त्यांच्या बायकोने, अंबिकाबाईंनी, कशी रफू केली ते पाहिलं, ‘कक्का, पांव लागू’ म्हणून पाया पडला आणि निघून गेला. एवढ्या हौसेने बसलेल्या माणसाला ‘शिट्टी तुमच्यासाठी नाही’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं? आपल्या इकडे यालाच लिहाज म्हणतात. आणि या लिहाजाने घात केला.

घाताचा दुसरा हिस्सा वामनरावांचा. निघताना त्यांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं.

“अहो, मशीन!” अंबिकाबाई म्हणाल्या.

“जर्सीवर मशीन? लेफ्ट आऊट आहे मी, पेशंट नाही. फोटो निघणार आहेत.”

“निघू द्या फोटो. ऐकू काय येणार आहे तुम्हाला?”

हेसुद्धा त्यांना ऐकू आलं नाही.

मैदानात मोठची टीम समोर उभी होती. मोठ म्हणजे कानपूर रस्त्यावरचं, मंडीचं गाव. पोरं शेतकऱ्यांची, काटक आणि सरळ. वामनराव मधोमध बॉलवर पाय ठेवून उभे राहिले आणि शिट्टीची वाट पाहू लागले. रेफरीने खुणा केल्या, मारा, मारा. वामनरावांनी मान डोलावली आणि वाट पाहत राहिले; शिट्टीशिवाय किक त्यांनी जन्मात मारली नव्हती. शेवटी कंटाळून रेफरीने शिट्टी वाजवली. ती त्यांना ऐकू आली नाही. मोठची पोरंही जागची हलली नाहीत, कारण म्हाताऱ्या माणसाच्या पायातून बॉल कोण ओढून घेणार? अनुपने हातवारे केले तेव्हा कुठे वामनरावांनी किक मारली. झकास मारली, डाव्या पायाने.

आता त्यांना बाहेर न्यायला हवं होतं. अनुप धावत आला. पण दंडाला धरून कक्कांना बाहेर काढायचं? छे! तो वाकला आणि पाया पडला. त्याचं पाहून दक्षिणीची आणखी दोघं पाया पडली. आणि ते पाहून मोठचा कप्तान पुष्पेंद्र आला, त्याच्यामागे त्याचे बॅक आले, आणि सगळे ओळीने वाकले. आणि तेवढ्यात, काय सांगावं, श्रीकृष्ण! त्याला दिसला नुसता बॉल आणि समोर मोकळं मैदान. तो पळत सुटला आणि त्याने गोल मारला. मोठचा गोली हात जोडून उभा होता.

रेफरीने गोल दिला. पुढे कुणाचाच गोल झाला नाही. दक्षिणी क्लब एक-शून्यने जिंकला, चॅम्पियन झाला, बडा बाजारात ढोल वाजले. आणि थोड्याच दिवसांनी लीगचा निकाल आला: खेळ चालू असताना मैदानात बारावा माणूस होता, म्हणून मॅच रद्द, गुण कापले, विजेते मोठ. वर यापुढे मानाची किक कायमची बंद. क्लबाने कोर्टात दावा लावला. कोर्टाने स्थगिती दिली, आणि पुढचा सीझन जागच्या जागी थिजला.

मग चहाच्या दुकानात दोन तट पडले.

एका तटाचे पुढारी सुभाषचंद्र घोरपडे. हे मूळचे कोल्हापूरचे. कारखान्यात इंजिनियर म्हणून झाशीला आले, आले ते थेट दक्षिणी क्लबचे बॅक झाले, आणि रिटायर झाल्यावरही परत गेले नाहीत. वामनरावांहून थोडे लहान. म्हणजे मानाच्या किकेला पुढचा नंबर त्यांचा.

“रेफरीनं गोल दिला म्हणजे दिला!” ते बाकावर हात आपटून म्हणायचे. “लीग कोण लागून गेली काढून घेणारी? आमच्या कोल्हापुरात असं झालं असतं तर गावानं लीगच्या हापिसाला टाळं लावलं असतं. लढायचं. पार वरच्या कोर्टापर्यंत लढायचं.”

दुसऱ्या तटात मुकुल. हा पण मराठी, चाळिशीचा, बँकेत कारकून. नशिबाने त्याची बदली झाली होती नेमकी मोठच्या शाखेत.

“तुमचं काय जातं बोलायला, काका?” तो चिडायचा. “रोज तिथे काउंटरवर मी बसतो. पैसे काढायला आलेला माणूस मला म्हणतो, झाशीवालों के सामने झुकना मत, पीछे से गोल मार देते हैं. सांगा, काय उत्तर देऊ त्याला? मान खाली घालून नोटा मोजतो मी.”

“नोटाच मोज तू!”

“मोजतोच आहे. पण एक सांगा, वर्ष होत आलं, एक तरी मॅच पाहिली का कुणी? केस लढायला क्लब काढला होता का?”

वामनराव बाकाच्या टोकाला बसून दोघांचं ऐकायचे. मशीन आता ते झोपतानासुद्धा काढत नसत. त्यांना मुकुलचं पटायचं आणि सुभाषरावांचं दुःख कळायचं. कारण सुभाषराव तोंडाने गोल-गोल करत असले तरी आतून त्यांना जाळत होती ती दुसरीच गोष्ट. नंबर आला होता आणि प्रथाच बंद झाली. आणि ती बंद पडली कुणामुळे? वामनरावांमुळे. सुभाषराव हे कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं वामनरावांना वाटायचं.

आणि स्वतःचं दुःख? ते तर त्यांनी अंबिकाबाईंनासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या शिट्टीची वाट पाहिली ती वाजली, आणि ती ऐकली सगळ्यांनी, त्यांच्याशिवाय.

क्लबाची वकील होती स्वाती, जुन्या दक्षिणी घरातलीच, वामनरावांच्या डोळ्यांसमोर वाढलेली. कोर्टात वामनरावांचा जबाब द्यायची वेळ आली तेव्हा ती घरी आली.

“काका, सगळी केस एका गोष्टीवर आहे. तुमची किक शिट्टीच्या आधीची की नंतरची. व्हिडिओत आवाज स्पष्ट नाही. तुम्ही फक्त म्हणा, आधीची होती. म्हणजे तुम्ही पाहुणेच ठरता, बारावे खेळाडू नाही, आणि गोल टिकतो.”

“मला शिट्टी ऐकूच आली नाही, बेटा. आधी की नंतर, कसं सांगू?”

“मग म्हणा ना, ऐकली नाही म्हणजे वाजली नव्हती!”

वामनरावांनी कानातलं मशीन नीट बसवलं. मग म्हणाले, “कान गेलेत माझे, डोळे आहेत. माझ्या पायांवर पुष्पेंद्रचं डोकं होतं आणि त्याच्या पाठीमागे गोल झाला. हे मी पाहिलंय. त्या पोराने वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला होता, तेही पाहिलंय. हे लिहितेस का जबाबात?”

स्वातीने पेन बंद केलं. “हे लिहिलं तर आपण हरलो, काका.”

“मग होऊ दे आपली हार.”

रविवारी क्लबाची सभा होती. वामनराव उभे राहिले आणि म्हणाले, दावा मागे घ्या, लीगला सांगा मॅच पुन्हा खेळवा. नाही विजेतेपद त्यांना, नाही आपल्याला. मैदानात ठरू दे. आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं, कक्का सठिया गए हैं. कुणी म्हणालं, बरोबर आहे त्यांचं, झाली एवढी शोभा पुरे. सुभाषराव उठले. काठी उचलली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या दुकानावर त्यांची जागा रिकामी राहिली.

लीगला तरी काय, कुठूनतरी गाडं रुळावर यायला हवंच होतं. त्यांनी मान्य केलं: मॅच पुन्हा होईल, दावा मागे घ्यायचा. अट एकच. नोंदणी नसलेला एकही माणूस मैदानात पाय ठेवणार नाही.

म्हणजे झालं. वामनरावांनी स्वतःच्या तोंडाने मित्राची किक घालवली. अंबिकाबाईंनी आवडीची कढी केली ती त्यांनी तशीच ताटात ठेवली.

“जेवा,” त्या म्हणाल्या. “खरं बोललात, मग आता तोंड पाडून का बसलात?”

“खरं बोललो म्हणून सुभाषरावांची किक परत येते का?”

अंबिकाबाईंनी ताट उचलून नेलं.

उत्तर आलं ते भलतीकडूनच. चहाच्या दुकानात पुन्हा तोच विषय निघाला होता. मानाची किक नाही म्हणजे शेवटची मॅच कसली, असं कुणीतरी हळहळत होतं, आणि मुकुल वैतागला.

“अरे, एवढा पुळका आहे तर घ्या ना म्हाताऱ्यांना टीममध्ये! नोंदणी करा, बूट द्या, सेंटरला उभे करा!”

सगळे खो-खो हसले. वामनराव हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

“मुकुल, नोंदणीला वयाची मर्यादा काय आहे?”

“मला काय माहीत? सोळा पूर्ण पाहिजेत बहुतेक.”

“आणि वरची?”

मुकुलचं हसू विरलं. त्याने तिथल्या तिथे स्वातीला फोन लावला. वरची मर्यादा नव्हती. असल्या माणसांची कुणी कल्पनाच केली नव्हती. डॉक्टरांनी तब्येत ठीक असल्याचं लिहून द्यावं, एवढंच. मग तो खेळाडू. शिट्टीवर किक मारेल, बॉल बाहेर गेला की त्याच्या जागी बदली खेळाडू जाईल, सगळं नियमात. फक्त अकरांतल्या एकाला आधी बाहेर बसावं लागेल, आणि टीमची एक बदली फुकट जाईल.

“हे नाही चालणार हां!” आता मुकुलच घाबरला. “मी गंमत केली होती! मोठसमोर एक बदली फुकट घालवायची?”

तेव्हा कोपऱ्यात उभा असलेला श्रीकृष्ण पुढे आला. वर्षभर बिचारा लोकांची नजर चुकवत फिरत होता. मराठीत म्हणाला, तोडकं-मोडकं, “माझी जागा द्या. मी बाहेर बसेल. मला तो गोल... मला झोप नाही लागते.”

मुकुलने त्याच्याकडे पाहिलं आणि सरकून बाकावर त्याला जागा करून दिली.

वामनराव त्याच पावली निघाले, वाटेत घरून अंबिकाबाईंना घेतलं आणि सुभाषरावांकडे गेले. सुभाषराव अंगणात शेंगा सोलत बसले होते. सगळं ऐकून घेतलं. हातातली शेंग तशीच राहिली. मग एकदम मान हलवून म्हणाले, “न्हाई. चालायचं न्हाई.”

“का?”

“मॅच रद्द झाली ना? मग तुमची किकबी रद्द. नंबर तुमचा आहे. मी दुसऱ्याच्या नंबरात घुसणारा माणूस न्हाई.”

आता हे वामनरावांच्या मनात आलंच नव्हतं असं कसं म्हणू? आलं होतं. येताना वाटेतच आलं होतं. या वेळी मशीन कानात घालून जाता येईल, शिट्टी ऐकता येईल, एकदाच. पुढल्या सीझनला लीग वयाची वरची मर्यादा घालणार हेही उघड होतं. म्हणजे ही शेवटचीच किक. त्यांनी घसा साफ केला.

“माझी झाली, सुभाषराव. ऐकली नाही म्हणून झाली नाही असं नसतं.”

“रद्द आहे ती.”

“तुम्ही मारा.”

“तुम्ही मारा.”

दोघांचं हे किती वेळ चाललं असतं देव जाणे. सोबत आलेल्या अंबिकाबाई कंटाळल्या. “ज्याला ऐकू येतं त्याने मारावी,” त्या म्हणाल्या. “हे महाशय पुन्हा मशीन काढून ठेवतील फोटोसाठी. आणखी एक वर्ष कोर्ट नको आहे मला.”

सुभाषराव हसले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. वामनरावही हसले. लागलं त्यांना, नाही असं नाही. पण बायकोचं खरं होतं, आणि सुटकाही त्यातच होती.

मॅचच्या दिवशी सकाळचं धुकं गेलं आणि छान ऊन पडलं. मैदान गच्च भरलं होतं. मोठहून ट्रॅक्टर भरभरून लोक आले होते आणि आमचे त्यांच्याकडे पाहून गुरकावत होते. अंबिकाबाईंनी कुणाला न विचारता गूळ-दाण्यांची परात आणून बाकाखाली ठेवली होती. वामनराव बाकावर बसले, शेजारी श्रीकृष्ण, बदलीसाठी तयार. वामनरावांनी मशीनचा आवाज पार वरपर्यंत वाढवला. त्यामुळे त्यांना चणेवाल्याच्या पुडीचा कागदसुद्धा कुरकुरताना ऐकू येत होता.

सुभाषराव मध्ये उभे राहिले. जर्सी पोटावर ताणलेली, गुडघ्याला पट्टा. काठी त्यांनी अनुपकडून बाहेर पाठवली होती.

शिट्टी वाजली.

इतकी तीक्ष्ण वाजली, की मशीनने कानात कुई केलं आणि वामनरावांचा हात आपोआप कानावर गेला. मग तो हात तिथेच राहिला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

सुभाषरावांनी बॉल मागे अनुपकडे दिला. ठरलं होतं असं, की अनुपने लगेच तो बाहेर मारायचा, म्हणजे बदली होईल. पण अनुपने काय केलं? बॉल थांबवला, हसला, आणि हळूच परत सुभाषरावांना दिला. का नाही द्यायचा? कायदेशीर खेळाडू होते ते! सुभाषरावांनी बॉल पायाखाली दाबला. मैदान उठून उभं राहिलं. पुष्पेंद्र धावत आला आणि त्याने बॉल घेतला. अदबीने नाही, खेळाडूकडून घ्यावा तसा, खांदा लावून. सुभाषराव हेलपाटले, पण उभे राहिले. काय आनंद झाला होता हो त्यांना त्या धक्क्याचा!

पण दक्षिणीची सगळी पोरं सुभाषरावांकडेच बघत उभी राहिलेली. बॅक पार अर्ध्यावर आलेले. पुष्पेंद्रच्या पायात बॉल, आणि पुढे नुसता गोली. वर्षभराचा हिशेब फिटायला दोन पावलं बाकी होती.

वामनराव बाकावरून उठले. “मारो!” ते ओरडले. “मारो बेटा! मारो गोल!”

आपल्याच बाकावरून! मुकुल मागून किंचाळला, “काका, अहो, आपली टीम कुठली?” पण वामनराव ऐकत नव्हते, हातवारे करून ओरडतच होते. पुष्पेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं. मग वळला आणि बॉल सणसणीत बाहेर मारला, थेट बाकाच्या दिशेने. बॉल परातीला घासून गेला, दाणे उधळले. तो पळत सुभाषरावांकडे गेला आणि त्याच्यामागे मोठची सगळी टीम.

“पहले गेंद बाहर, कक्काजू,” तो वाकता वाकता म्हणाला, “फिर पांव.”

मॅच शेवटी मोठने जिंकली, दोन-एकने, आणि चांगली खेळून जिंकली. तो एक गोल श्रीकृष्णाचा होता. दुसऱ्या दिवशी मुकुलला बँकेत काउंटरवर पेढे खायला लागले आणि त्याने ते मान वर करून खाल्ले. पुढच्या सीझनच्या आधी लीगने वयाची वरची मर्यादा घातली. हे सगळं नंतरचं.

त्या घटकेला मात्र बदलीची पाटी वर झाली होती आणि सुभाषराव हलायला तयार नव्हते. “मी नोंदणीवाला आहे, मला कोण काढतंय बघू!” या वेळी अनुप पाया पडला नाही. त्याने सरळ त्यांचा दंड धरला आणि टाळ्यांच्या कडकडाटात त्यांना बाहेर आणून बाकावर बसवलं. सुभाषराव धापा टाकत होते. चेहरा लालबुंद. वामनरावांनी पाण्याची बाटली पुढे केली. घोटभर पिऊन झाल्यावर ते वामनरावांच्या कानाशी वाकले.

“वामनराव, एक विचारू? कुणाला सांगू नका. छातीत एवढं धडधडत होतं, मला काही म्हणता काही ऐकू आलं न्हाई. रेफरीचा हात हलला म्हणून मारली.” त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. “वाजली का हो शिट्टी?”

वामनरावांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

“वाजली,” ते म्हणाले. “मी ऐकली.”